पोच नसलेली रवानगी

जानेवारी २००३ संपता संपता पश्चिम बंगालच्या कूचबिहार जिल्ह्यात, सातगाछी गावालगत, भारत आणि बांगलादेश यांच्या मधल्या पट्ट्यात २१३ माणसे अडकून पडली. साप खेळवून पोट भरणारे भटके लोक. बायका होत्या, कडेवरची पोरे होती. एका बाजूला बीएसएफचे जवान, दुसऱ्या बाजूला तेव्हाच्या बांगलादेश रायफल्सचे. भारत म्हणे हे बांगलादेशी, बांगलादेश म्हणे हे भारतीय. ऐन थंडीत ती माणसे उघड्यावर बसून राहिली आणि दोन राजधान्यांमध्ये त्यांच्यावरून वाद चालला. मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत ती सगळी तिथून नाहीशी झाली. भारताने सांगितले, ते बांगलादेशात परतले. बांगलादेशाने सांगितले, भारताने त्यांना पुन्हा आत घेतले.

दोन सार्वभौम देश, दोन्हींची सशस्त्र दले, दोन्हीकडचे बातमीदार, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजलेली २१३ माणसे. ती कुठे गेली याची एका ओळीची नोंद दोघांना मान्य होईल अशी झाली नाही.

मी तेहतीस वर्षे मालवाहतुकीच्या धंद्यात हिशेब लिहिला. त्या धंद्यात एक साधा नियम आहे. माल निघाला की बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, फाटते, आणि माल पोचला की घेणाऱ्याची सही-शिक्का असलेली पोच परत येते. पोच आली नाही तर तो माल पोचलाच नाही, मग ड्रायव्हर काहीही सांगो. साखरेच्या एका पोत्यासाठी आम्ही भिवंडीहून नागपूरला चार-चार फोन करायचो. म्हणूनच मला आपल्या देशातल्या बेकायदा स्थलांतराच्या चर्चेत एक गोष्ट सहन होत नाही. आत किती आले याचे आकडे आपण कोटींत फेकतो, आणि बाहेर किती, कोण, कधी, कुणाच्या ताब्यात गेले हे विचारले की गप्प होतो. माझे म्हणणे एवढेच आहे: येणाऱ्यांची अचूक मोजदाद कदाचित कधीच होणार नाही, पण जाणाऱ्यांची करता येते. ती करणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि ती न करता केलेली रवानगी ही रवानगी नव्हेच.

आधी त्या कोटींकडे पाहू. १९९७ साली तेव्हाचे गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी संसदेत १ कोटी बेकायदा स्थलांतरितांचा आकडा सांगितला. जुलै २००४मध्ये गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत सांगितलेला आकडा होता १,२०,५३,९५०. शेवटच्या पन्नासापर्यंत नेमका! त्यातले ५० लाख आसामात आणि ५७ लाख पश्चिम बंगालमध्ये. ओरड झाल्यावर सरकारने माघार घेतली, आणि माघार घेताना जे कारण दिले ते प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे: हा आकडा कुठल्याही पाहणीवर आधारलेला नसून ऐकीव माहितीवर आधारलेला आहे, आणि तीही हितसंबंध असलेल्यांकडून आलेली. पुढे नोव्हेंबर २०१६मध्ये किरेन रिजिजू यांनी राज्यसभेत सुमारे २ कोटी सांगितले. सरकारे वेगवेगळ्या रंगांची होती. आकडा प्रत्येक वेळी वाढला, आणि तो कसा काढला हे एकाही वेळी कळले नाही.

आता जनगणना पाहा. यापूर्वीचे वास्तव्य बांगलादेशात होते असे सांगणारे लोक २००१च्या जनगणनेत सुमारे ३१ लाख होते आणि २०११च्या जनगणनेत सुमारे २३ लाख. यात फाळणीनंतर आलेले आहेत, १९७१च्या युद्धातले निर्वासित आहेत, कायदेशीर नागरिक झालेले आहेत. शिवाय चोरून आलेला माणूस प्रगणकाला खरे सांगेलच असे नाही. म्हणजे खरा आकडा यातूनही निघत नाही. पण एकीकडे घटत जाणारी जनगणनेची संख्या आणि दुसरीकडे भाषणागणिक वाढणारा कोटींचा आकडा, या दोन्हींमधली दरी एवढी रुंद आहे की तिथे कुणाचेही काहीही खपून जाते.

खरी मोजदाद एकदाच झाली, आसामात. राष्ट्रीय नागरिक नोंदणी. ३ कोटी ३० लाख अर्ज, पिढ्यानपिढ्यांचे कागद, २४ मार्च १९७१च्या मध्यरात्रीची सीमारेषा, सर्वोच्च न्यायालयाची देखरेख, आणि हजार कोटींहून जास्त खर्च. जुलै २०१८च्या मसुद्यात ४० लाख लोक बाहेर राहिले, आणि ३१ ऑगस्ट २०१९च्या अंतिम यादीत १९,०६,६५७. या दोन याद्यांमध्ये वर्षभराचे अंतर होते, आणि तेवढ्या काळात वीस लाखांहून अधिक माणसे ‘संशयित’ची ‘नागरिक’ झाली. माणूस मोजताना चूक किती मोठी असू शकते याचे याहून मोठे प्रात्यक्षिक मला माहीत नाही. उरलेल्या १९ लाखांचेही तेच. ज्यांना यादी हवी होती त्यांनाच ती मान्य झाली नाही. ज्यांचे नाव वगळले त्यांना अपिलासाठी लागणारी नाकारल्याची चिठ्ठी मिळाली नाही. एवढा डोंगर पोखरला आणि त्यातून ना नागरिकत्वाचा निकाल लागला, ना परत पाठवणीचा.

येणारे मोजणे इतके अवघड का, हे सीमा पाहिली की समजते. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटर लांब आहे. २०२५च्या सुरुवातीला त्यातल्या ३,२३२ किलोमीटरवर कुंपण होते, उरलेल्या ८६४ किलोमीटरवर नव्हते. बरेच ठिकाणी ते उभारताच येत नाही: धुबरीजवळ ब्रह्मपुत्रा दर पावसाळ्यात नवी बेटे उठवते आणि जुनी गिळते, इछामतीत सीमा पाण्याच्या मधोमध जाते, खाली सुंदरबनात तर भरतीबरोबर जमीनच हलते. १९७५च्या कराराप्रमाणे सीमारेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणाची बांधकामे करायची नाहीत, म्हणून कुंपण बहुतेक जागी आपल्याच हद्दीत मागे सरकवलेले आहे. परिणामी भारतीय शेतकऱ्यांची शेते आणि काही ठिकाणी घरेही कुंपणापलीकडे राहिली. फाटक उघडायच्या वेळा ठरलेल्या असतात, जाताना ओळखपत्र दाखवायचे, येताना पुन्हा दाखवायचे. तिथला नागरिक रोज आपल्याच देशात ये-जा करतो आणि रोज त्याची नोंद होते. चोरून येणारा मात्र दलालाला पैसे देऊन रात्री नदी ओलांडतो. त्याला तिकडचे लोक ‘धुर’ म्हणतात, आणि त्या धंद्याची वही कुणी संसदेत ठेवत नाही.

सीमेवर किती पकडले गेले हा आकडा मिळतो, पण त्यातून किती आले हे कळत नाही. पहारा कडक झाला की पकडले जाणारे वाढतात. मग घुसखोरी वाढली म्हणायची की कमी झाली? एकच माणूस तीनदा पकडला गेला तर तो तीन मोजला जातो. आणि ज्यांना पकडले त्यांतले बरेचसे येत नसतात, जात असतात. बंगळूर, दिल्ली किंवा मुंबईत दोन-चार वर्षे काम करून, आई आजारी आहे म्हणून, लग्न आहे म्हणून, ज्या वाटेने आले त्याच वाटेने परतणारे. येणारा आणि जाणारा एकाच रकान्यात टाकला तर त्या बेरजेला अर्थ काय?

जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. ज्याला सरकार परत पाठवते तो सरकारच्या ताब्यात असतो. त्याचे नाव विचारता येते, बोटांचे ठसे घेता येतात, फोटो काढता येतो. इथे नदी नाही, रात्र नाही, दलाल नाही. इथे आकडा चुकण्याचे कारणच नाही. आणि या बाबतीत अधिकृत आकडे कसे होते? २०१३ साली ५,२३४ बांगलादेशींना परत पाठवले. २०१४मध्ये ९८९, २०१५मध्ये ४७४, २०१६मध्ये ३०८, २०१७मध्ये ५१. म्हणजे ज्या काळात २ कोटींचा आकडा राज्यसभेत बोलला जात होता, त्याच काळात रीतसर रवानगी पन्नासावर येऊन ठेपली होती.

यामागचे कारण मी नाकारत नाही. रीतसर रवानगीसाठी समोरच्या देशाने ‘हा आमचा माणूस’ असे मान्य करावे लागते. बांगलादेश ते लवकर करत नाही, कित्येकदा करतच नाही. मे २०२५मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी सांगितले की २,३६० हून अधिक जणांच्या नागरिकत्वाची पडताळणी ढाक्याकडे अडकली आहे, त्यातली काही प्रकरणे २०२०पासूनची. यांतले अनेक जण तुरुंगातली शिक्षा भोगून मोकळे झालेले. शिक्षा संपली, देश ठरला नाही, म्हणून माणूस गजाआडच. या कुचंबणेत पोलीस आणि सीमादल वैतागणे मला समजते. पाच वर्षे पत्राला उत्तर नाही, तर करायचे काय?

त्यांनी जे केले ते मात्र चूक होते. पहलगामच्या हल्ल्यानंतर मे २०२५मध्ये गृहमंत्रालयाने राज्यांना संशयितांच्या पडताळणीसाठी ३० दिवसांची मुदत घालून दिली. माणूस ज्या राज्याचा असल्याचे सांगतो त्या राज्याकडून मुदतीत उत्तर आले नाही, तर पुढची कारवाई. म्हणजे दोन कार्यालयांमधल्या एका न आलेल्या उत्तराने माणसाचा देश ठरणार. त्यापाठोपाठ सीमेवर रात्री लोकांना पलीकडे ढकलणे सुरू झाले. ७ मे ते १५ जून २०२५ या काळात १,५०० हून अधिक लोक असे आले, त्यांत सुमारे १०० रोहिंग्या, हा आकडा आपल्याला कळला तो बांगलादेशच्या सीमादलाकडून. जुलैपर्यंत आपल्या सरकारने स्वतःचा आकडा दिलेला नव्हता. घरातून माल गेला आणि किती गेला हे आपण शेजाऱ्याच्या वहीतून वाचले. हिशेब लिहिणारा माणूस म्हणून मला याची लाज वाटते. माणूस म्हणून वाटते ती निराळी.

कारण ढकललेल्यांत आपले लोक होते. मुर्शिदाबादचा एक गवंडी मीरा रोडला कामाला होता. आपल्या महाराष्ट्राच्या पोलिसांनी त्याला बांगलादेशी समजून उचलले. घरच्यांनी गावाकडून कागद पाठवले. तरी त्याला बीएसएफच्या हवाली करण्यात आले आणि जून २०२५च्या मध्यात पलीकडे ढकलण्यात आले. तो एकटा नव्हता, महाराष्ट्रातून उचललेले बंगालचे आणखी काही मजूरही त्या दिवसांत तसेच सीमेपार गेले. पश्चिम बंगाल सरकार मधे पडल्यावर दोन्ही दलांची ध्वज बैठक झाली आणि त्यांना परत आणले. ज्याने आपल्या इमारतींच्या भिंती रचल्या त्याला आपण देशाबाहेर टाकले, आणि चूक कळायला दुसऱ्या राज्याचा फोन यावा लागला.

बीरभूमच्या एका गर्भवती बाईची कथा याहून भयंकर. दिल्लीतून तिला, तिच्या नवऱ्याला आणि आठ वर्षांच्या मुलाला उचलले आणि आठवड्याभरात, २६ जूनला, सीमेपार केले. पलीकडे त्यांच्यावर बांगलादेशात बेकायदा घुसल्याचा खटला भरला गेला. आपल्या वहीतली ‘परत पाठवलेली’ माणसे त्यांच्या वहीत ‘घुसखोर’ म्हणून जमा झाली! २६ सप्टेंबरला कलकत्ता उच्च न्यायालयाने ती रवानगी रद्द ठरवून चार आठवड्यांत परत आणा म्हणून सांगितले. चापाई नवाबगंजच्या बांगलादेशी न्यायालयानेही ते भारतीय असल्याचे म्हटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ५ डिसेंबरला ती बाई आणि तिचा मुलगा मालदा जिल्ह्यातून परत आत आले. पाच महिन्यांहून अधिक काळ, पोटात मूल घेऊन. तीस दिवसांची मुदत आपणच घातली होती, ती तरी पाळायची.

हे आताचेच आहे असे कुणी समजू नये. १९९२ साली दिल्लीतून अशीच मोहीम निघाली होती, पुशबॅक हेच तिचे नाव, आणि त्यात पकडलेल्यांची डोकी भादरून त्यांना सीमेवर नेल्याने मोठा गदारोळ झाला होता. जुलै १९९८मध्ये मुंबई पोलिसांनी जरीकाम करणाऱ्या बंगाली कारागिरांना पकडून कुर्ला-हावडा एक्स्प्रेसमध्ये बसवले. गाडी उलुबेरिया स्टेशनात शिरली तेव्हा तिथे लोकांचा जमाव उभा होता. ही आमची माणसे आहेत म्हणत त्यांनी कारागिरांना पोलिसांच्या ताब्यातून उतरवून घेतले. तेव्हा मी नोकरीत होतो, आमच्या गोदामात त्या बातमीवर दोन दिवस चर्चा चालली होती. बहुतेकांना राग जमावाचा आला. ज्यांना पकडले त्यांचे कागद कुणी तपासले होते का, असे एका म्हाताऱ्या हमालाने विचारले आणि आम्हाला उत्तर देता आले नाही. सत्तावीस वर्षांनी मीरा रोडच्या गवंड्याबद्दल तोच प्रश्न तसाच उभा आहे.

‘कागद पाहत बसलो तर एकही परत जाणार नाही’ हा युक्तिवाद मी अनेक सज्जनांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो खोडून काढण्याजोगा आहे म्हणून त्याकडे नीट पाहिले पाहिजे. अमेरिकेने हा प्रयोग आपल्याआधी मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. मार्च २०२० ते मे २०२३ या काळात साथीचे कारण पुढे करून तिथल्या सीमेवर माणसांना कुठलाही रीतसर आदेश न काढता काही तासांत मेक्सिकोत परत ढकलले जात होते. जलद, स्वस्त, कागद कमी. झाले काय? पकडलेल्यांपैकी पुन्हा प्रयत्न करताना सापडलेल्यांचे प्रमाण २०१९च्या आर्थिक वर्षात ७ टक्के होते, ते २०२१मध्ये २७ टक्के झाले. साहजिकच आहे. आदेश नाही म्हणजे पुढच्या वेळी शिक्षा नाही, शिक्षा नाही म्हणजे पुन्हा करून पाहायला हरकत नाही. पकडल्यांचा आकडा फुगला, आणि माणसे मात्र तीच. इछामतीच्या काठावर रात्री ढकललेला खरा बांगलादेशी दलालाला आणखी काही हजार देऊन पुढच्या महिन्यात परत नालासोपाऱ्याला पोचला, तर आपल्याजवळ त्याला ओळखायला काय आहे? ज्यांना घुसखोरीचा मनापासून राग आहे त्यांनी तरी या ढकलाढकलीला विरोध करायला हवा.

आता वहीचे दुसरे पान उलटू, कारण आपण फक्त पाठवणारे नाही, ज्यांची माणसे परत पाठवली जातात तेही आहोत. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरले. बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे, तिघे महाराष्ट्राचे. हातापायांत बेड्या घालून आणले म्हणून देश संतापला, आणि तो संताप योग्यच होता. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत वर्षवार तक्ता वाचून दाखवला: २००९ साली ७३४, २०१६मध्ये १,३०३, २०१९मध्ये २,०४२, २०२४मध्ये १,३६८. अमेरिकेने सोळा वर्षांत किती भारतीय परत पाठवले, याचे उत्तर आपल्या मंत्र्याला सभागृहात देता आले, कारण प्रत्येक माणसाचे राष्ट्रीयत्व तपासून, नाव पाहून, आपण त्याला स्वीकारले होते. आपले सरकारही हेच बजावत असते की आमची माणसे आम्ही घेऊ, पण ती आमचीच आहेत याची खात्री करून. या अटीत गैर काहीच नाही. डिसेंबर २०२३मध्ये निकाराग्वाला निघालेले ३०३ भारतीयांचे विमान फ्रान्समध्ये वात्री विमानतळावर अडवले गेले, तेव्हाही तिथल्या न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. काहींनी आश्रय मागितला, आणि २७६ जण मुंबईत उतरले. अडवलेल्या शेकडो जणांचा हिशेब माणसागणिक लागला. अमेरिकेने आपल्या १०४ जणांना मेक्सिकोच्या वाळवंटात मध्यरात्री सोडून ‘चालू लागा’ म्हटले असते तर आपण काय म्हटले असते?

हिशेब नीट ठेवला की राजकारणाची हवाही कशी निघते, याचे एक उदाहरण ब्रिटनचे आहे, आणि ते आपल्या विद्यार्थ्यांना भोवलेले आहे. तिथे देश सोडून जाणाऱ्यांची तपासणी १९९८पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाली होती. मग प्रवाशांच्या नमुना पाहणीवरून असा समज रूढ झाला की दर वर्षी लाखाच्या आसपास परदेशी विद्यार्थी शिक्षण संपल्यावरही परत जात नाहीत. ते वातावरण तापलेले असतानाच २०१२मध्ये शिक्षणानंतर काम करण्याचा व्हिसा बंद झाला, आणि भारतातून, त्यात पुण्या-मुंबईतून, तिकडे जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. एप्रिल २०१५पासून बाहेर जाणाऱ्यांची नोंद पुन्हा सुरू झाली. ऑगस्ट २०१७मध्ये पहिले निष्कर्ष आले तेव्हा दिसले की ९७ टक्क्यांहून जास्त विद्यार्थी वेळेत परत गेले होते. लाखाचा आकडा म्हणजे बाहेरच्या दारावर कुणी उभे नसल्याचा परिणाम होता. तोवर कित्येक पोरांची पाच वर्षे गेली.

आपल्याकडे दारावर कुणी नसल्याची किंमत कोण मोजतो? ज्याच्याजवळ कागद नाही तो. परकीय नागरिकांविषयीच्या १९४६च्या कायद्यात आपण परके नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी संशयितावरच होती, आणि १ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती त्याच्यावरच आहे. आधार चालत नाही, मतदार ओळखपत्र चालत नाही, मग जन्मदाखला आणा. आमच्या महाराष्ट्रात पारध्याच्या पालावर जन्मलेल्या पोराचा जन्मदाखला कुठून येणार? उसाच्या फडात कोपीत जन्मलेल्या मुलीची नोंद कुणी कुठल्या ग्रामपंचायतीत केली असेल? त्यांच्यावर ही पाळी येत नाही, कारण ते मराठी बोलतात. बंगाली बोलणाऱ्या गवंड्याचा गुन्हा एवढाच की त्याची मातृभाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाते. भाषा हा पुरावा धरायचा झाला तर बेळगाव-कारवारच्या आपल्या माणसांना कुणी काय म्हणावे?

माझ्या मागण्या कारकुनी आहेत आणि त्या तशाच राहू द्याव्यात. परत पाठवायच्या प्रत्येक माणसाच्या नावे एक क्रमांक पडावा, बोटांचे ठसे आणि फोटो घेतला जावा, त्याला कळेल अशा भाषेत लेखी आदेश हाती मिळावा आणि अपिलाला वेळ मिळावा. तो ज्या जिल्ह्याचे नाव घेतो तिथल्या पोलीस ठाण्याचे लेखी उत्तर आल्याखेरीज त्याला हलवू नये. उत्तर आले नाही तर दोष त्या ठाण्याचा, माणसाचा नव्हे. मीरा रोडहून मुर्शिदाबादला फोन लावायला आज एक मिनिट लागते. माणसे सोपवायची ती पेट्रापोलसारख्या ठरलेल्या नाक्यावर, दिवसाउजेडी, दोन्ही बाजूंच्या सह्या असलेल्या यादीवर. त्या यादीची एक प्रत म्हणजे पोच. दर महिन्याला गृहमंत्रालयाने तक्ता छापावा: आत येताना पकडलेले, बाहेर जाताना पकडलेले, पडताळणी अडकलेले, पोच घेऊन परत पाठवलेले, आणि चुकीने पाठवून परत आणलेले. शेवटचा रकाना छापण्याची हिंमत ज्या दिवशी होईल त्या दिवसापासून तो रिकामा होऊ लागेल, असा माझा हिशेबातला अनुभव आहे. राहिला ढाक्याचा प्रश्न. २,३६० जणांची यादी, त्यातली काही नावे तर पाच वर्षे, पडून राहते याला उत्तर सचिव पातळीवरचा तगादा आणि देवाणघेवाण हे आहे. ज्या दोन देशांनी २०११ साली सीमेवरच्या, चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेल्या १६२ वस्त्यांमध्ये एकत्र फिरून ५१,५४९ माणसे घरोघर मोजली, आणि ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री त्या वस्त्यांची अदलाबदल केली, त्यांना दोन-अडीच हजारांची यादी सोडवता येत नाही हे मला पटत नाही.

आणि यंत्रणा नाही असेही कुणी सांगू नये. नोव्हेंबर २०२५मध्ये पश्चिम बंगालात मतदारयाद्यांची विशेष तपासणी सुरू झाली तेव्हा उत्तर २४ परगण्यातल्या हाकिमपूर नाक्यावर माणसांची रांग लागली. कुणी दहा वर्षे इथे घरकाम केलेले, कुणी भंगार गोळा केलेले. बोचकी, भांडी, पोरे घेऊन ते आपण होऊन रस्त्याकडेला बसले होते आणि म्हणत होते, आम्ही बांगलादेशी आहोत, आम्हाला घरी जायचे आहे. बीएसएफने त्यांची चौकशी केली, बोटांचे ठसे घेतले आणि ओळीने पलीकडे सोडले. सीमा तीच होती आणि दलही तेच. मग पाच महिन्यांपूर्वी मीरा रोडच्या गवंड्याला अंधारात नेले तेव्हा हे सगळे कुठे ठेवले होते?